सरांकडची दुसरी चावी

जयपूरच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती. लग्न केलेलं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आई सांगलीचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली होती. मालवीय नगरात एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. आईचे गुडघे धरलेले, सिटी बसची पायरी तिला चढवत नसे. म्हणून मी गाडी चालवायला शिकले आणि जुनी का होईना, एक गाडी घ्यायचं ठरवलं.

आमच्या विभागाचे प्रमुख तेव्हा त्यांची गाडी विकायला काढत होते. वयानं आणि मानानं मोठे. विभागात सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. गाडी नीट राखलेली होती. त्यांनी सांगितली ती किंमत मी घासाघीस न करता दिली, कागदपत्रं माझ्या नावावर झाली आणि एका रविवारी मी आदर्श नगरला त्यांच्या घरी जाऊन गाडी घेऊन आले. त्यांच्या पत्नीनं बॉनेटवर कुंकू लावलं, मला पेढा दिला. चावी मात्र सरांनी एकच दिली, जाड काळ्या डोक्याची.

"दूसरी कब की खो गई," ते म्हणाले. "शादी-ब्याह का घर, पता नहीं किसने कहाँ रख दी."

यात खोटं वाटावं असं काही नव्हतं. चाव्या हरवतातच.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आई सांगलीला गेलो. गाडी घरमालकांच्या फाटकाच्या आत, कडुनिंबाखाली कापड घालून ठेवली होती. जुलैच्या तोंडावर आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघाले, गाडीत बसले, तर माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पार मागे ढकललेली होती. आरशात मागच्या काचेऐवजी गाडीचं छप्पर दिसत होतं. मागच्या सीटवर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पडलेल्या, पायाशी गुटख्याची फाडलेली पुडी, आणि डाव्या दारावर जाताना नव्हता असा एक लांबलचक ओरखडा.

मी तशीच खाली उतरले आणि घरमालकांचं दार वाजवलं. ते निवृत्त इंजिनिअर, स्वभावानं बरे. मी त्यांना अंकलजी म्हणत असे.

"अंकलजी, मेरी गाड़ी किसने निकाली थी?"

"आपके सर ने," ते अगदी सहज म्हणाले. "चार-पाँच बार ले गए। चाबी तो उनके पास थी। मैंने समझा आप ही देकर गई हैं।"

त्यांच्यावर चिडावं असं काही नव्हतं. चावी घेऊन आलेल्या पांढऱ्या केसांच्या प्रोफेसरला ते कशाला अडवतील? उलट त्यांनी सरांना दर वेळी पाणी विचारलं होतं म्हणे.

स्टाफरूममध्ये सर भेटले तेव्हा वाटलं, निदान ओशाळतील. कुठलं काय! ते मोकळे हसले.

"अरे हाँ, वो चाबी मिल गई थी अलमारी में। बिटिया की सगाई थी, मेहमान बहुत थे। और खड़े-खड़े आपकी बैटरी बैठ जाती। मैंने तो चलती रखी।"

म्हणजे माझी गाडी मला न विचारता नेली, तिच्यातून अख्खं वऱ्हाड फिरवलं, दार घासून आणलं, आणि वर मीच त्यांचे आभार मानायचे! मी एवढंच म्हणाले, "सर, ती चावी मला परत द्या."

"हाँ-हाँ, क्यों नहीं। कल ले आऊँगा।"

तो 'कल' पावसाळा संपत आला तरी उजाडला नाही. कधी चावी घरी राहिली, कधी पत्नी माहेरी आणि कपाट बंद. मी विचारलं की ते असं बघायचे, जणू मीच त्यांच्याकडे उसनं काही मागतेय. सहकाऱ्यांना सांगितलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: "जाने दो ना, बड़े हैं।" बडे आहेत हे मलाही दिसत होतं. पण बडेपणानं दुसऱ्याची गाडी आपली कशी होते, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही.

आणि माझी झोप उडाली होती ती गाडीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीनं. सकाळी खिडकीचा पडदा सारला की मी आधी खाली बघायची, गाडी आहे ना. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या वस्तूची अशी राखण करायची पाळी आली, याचाच संताप जास्त होता.

शेवटी आईच म्हणाली, "अगं, कुलूप बदल की. त्याच्या मागं किती दिवस फिरणारैस?"

मी चौकशी केली. सगळी कुलूपं बदलणं फार महाग पडत होतं; निदान आपल्याकडे दुसरी चावी तरी असावी असं ठरवलं. झोटवाड्यात माझ्या गाडीच्या कंपनीचं मोठं वर्कशॉप होतं. एका शनिवारी आईला घेऊन तिथे गेले. काउंटरवरचा माणूस तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात चहाचा ग्लास. मी म्हटलं, गाडीची आणखी एक चावी करून हवी.

"सर को भेज दीजिए, मैडम।"

"कुठले सर?" मी मराठीतच बोलून गेले, तेव्हा 'सर' हा शब्दच मला सोसत नव्हता. मग हिंदीत म्हटलं, "गाड़ी मेरी है।"

"नहीं, मतलब, जिनके नाम से है।"

मी कागद पुढे सरकवला. त्यानं वाचला. माझं नाव, पुढे वडिलांचं नाव.

"तो फादर को भेज दीजिए। चाबी का मामला है, सिक्योरिटी रहती है।"

माझ्या गाडीच्या सुरक्षिततेची एवढी काळजी वाहणारा हा पहिलाच माणूस भेटला होता, आणि त्याला ती माझ्यापासूनच वाचवायची होती! मी काही बोलणार तोच बाकावर बसलेली आई उठली. तिचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. गुडघ्यावर हात ठेवत ती काउंटरपाशी आली.

"इसका बाप ऊपर गया है," बोट आढ्याकडे करत ती म्हणाली. "चाबी के वास्ते उधर जाने का क्या? तू जाता है बुलाने को?"

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या माणसानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि मुकाट्यानं माझं ओळखपत्र मागितलं.

मग मात्र त्यानं सगळं नीट सांगितलं. चावीच्या काळ्या डोक्यात एक चिप असते. गाडी ती चिप ओळखते, तेव्हाच इंजिन चालू राहतं. नाक्यावरच्या चावीवाल्याकडून चावीचे नुसते दात कापून घेतले तर दार उघडेल, पण गाडी चालणार नाही. नवी चावी कंपनीकडून मागवावी लागेल, ती आली की गाडी इथे आणायची, आणि असलेल्या सगळ्या चाव्याही घेऊन यायच्या.

"सगळ्या कशाला?"

"मशीन पुरानी सब मिटा देती है, मैडम। जो चाबी सामने होगी, वही दोबारा चढ़ेगी। जो घर पर रह गई, वो बेकार। उससे दरवाज़ा खुलेगा, बस।"

मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. कळलं नव्हतं म्हणून नव्हे. ऐकायला फार बरं वाटलं म्हणून.

"तो दूसरी भी लेती आइएगा," तो म्हणाला.

"दूसरी नहीं है," मी म्हटलं. "एक ही समझिए।"

चावी यायला बराच वेळ लागला. आली तेव्हा मी रजा टाकून गेले. मेकॅनिकनं स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, हातातल्या यंत्रावर काही बटणं दाबली, एक चावी फिरवली, मग दुसरी. डॅशबोर्डवरचा चावीचा छोटा दिवा लुकलुकला आणि विझला. झालं. एवढ्यासाठी मी चार महिने एका माणसाच्या मागे 'सर, सर' करत फिरले होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो नाही. सर मात्र आम्ही गेलो असंच धरून चालले असावेत. दुपारी आई आडवी झाली होती, मी उत्तरपत्रिका तपासत होते. खालून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि लगेच बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी गच्चीवरून वाकून बघितलं. गाडीचं कापड घडी करून बाजूला ठेवलेलं, आणि माझ्या गाडीत, माझ्या जागेवर, सफारी घातलेले सर.

चपला घालायचंही मला सुचलं नाही. खाली जाऊन गाडीशी उभी राहिले. मला बघून ते क्षणभर दचकले, पण क्षणभरच. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गाड़ी का ये क्या हाल कर दिया आपने? इतनी अच्छी हालत में दी थी! स्टार्ट होकर बंद हो जाती है।"

मला वाटतं, आयुष्यात इतकी मी कधीच चिडले नव्हते. नेल्याचं काही नाही, न विचारल्याचं काही नाही, वर गाडी मी बिघडवली म्हणून मलाच जाब!

"गाडी ठीक आहे, सर," मी हिंदीत, पण आवाज अजिबात न चढवता म्हटलं. "तुमची चावी मी बंद करून घेतलीय."

"बंद? मतलब?"

"मतलब ह्या चावीनं ती आता चालणार नाही. कधीच नाही. उतरा."

"मेहमान स्टेशन पर खड़े हैं मेरे," ते म्हणाले. "आप अपनी चाबी दीजिए, शाम तक लौटा दूँगा।"

"मोड़ पर ऑटो मिल जाएगा।"

एव्हाना अंकलजी दारात आले होते, वर गच्चीत आई येऊन उभी होती. सर उतरले. दार त्यांनी एवढ्या जोरानं आपटलं की निंबावरचे पोपट उडाले. मी हात पुढे केला. त्यांनी चावी माझ्या हातात दिली नाही, बॉनेटवर टाकली आणि फाटकाबाहेर गेले. ती घरंगळून खाली पडली. मी उचलली आणि, का कोण जाणे, फाटकाशी जाऊन कचऱ्याच्या डब्यात फेकली.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. नव्या वेळापत्रकात माझा पहिला तास सकाळी आणि दुसरा थेट संध्याकाळी आला. सहलीच्या ड्युट्या माझ्या, परीक्षेच्या ड्युट्या माझ्या. सर माझ्याशी शिपायामार्फत बोलत. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे विभागात हळहळ सरांबद्दल होती. एका चावीसाठी एवढ्या मोठ्या माणसाला दारातून हाकललं, मराठी बायका फार तिखट असतात, वगैरे. पाहुण्यांना स्टेशनवर ताटकळावं लागलं हे सगळ्यांना पाठ होतं. दारावरच्या ओरखड्याबद्दल एकानंही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी हसत हसत सांगितलं, "हमारे यहाँ कुछ लोग ऐसे भी हैं जो अपनों के लिए ताले बदलवा देते हैं।" सगळे हसले. काहींनी वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात समोशाची कागदी ताटली होती. ती मी खुर्चीवर ठेवली आणि उठून उभी राहिले.

"ताला वही है, सर," मी म्हटलं. "चाबी बदली है।"

कुणी हसलं नाही. सरांनी पुढच्या माणसाचे आभार मानायला सुरुवात केली. मी बसले, ताटलीतला समोसा संपवला, आणि कार्यक्रम पुरा होईपर्यंत तिथून हलले नाही.