‘येतो हं’ म्हणणारा भाऊ

ये गं धुळेकरणी, कागदावर तरी जवळ बैस. दिवाळी गेली, संक्रांत गेली, भाचीबाईंचा पत्ता नाही!

इथे जळगावात आमच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाला भाऊ राहतो. चपला बाहेर काढून मशीनपुढे बसतो आणि माऊसचं बटण दाबताना दर वेळी पुटपुटतो, “येतो हं.” ‘जातो’ म्हणायचं नाही, तिथेसुद्धा! मला भारी नवल वाटायचं.

एका बियाणेवाल्याच्या जळगाव-धुळ्याच्या दुकानांची वेबसाइट त्याने केली. दुसऱ्या दिवशी शेठ बघणार. पटली नाही तर काम पुण्याला जाणार. म्हणाला, “आक्का, बघा बरं, बठ्ठं बराबर शे का? सगळं नीट चालतंय ना?”

मी ‘धुळे’ दाबलं. पाटी तीच, रंग तेच, कापसाचं बोंड तेच. म्हटलं, “काहीच झालं नाही रे.”

“अहो, धुळ्याला पोचलात तुम्ही!”

“मग आता घरी कशी येऊ?”

त्याने भराभर सगळी पानं उघडून बघितली. धुळ्याच्या एकाही पानावर जळगावचं बटण नव्हतं.

“येतो म्हणून गेलो, अन् यायची सोयच नाही केली!”

माझा चहा निवला, पण त्याने पानापानावर जळगाव बसवलं आणि प्रत्येक पानावरून मला परत आणलं. शेठला पटलं म्हणे.

तूही ‘येते’ म्हणूनच गेली होतीस ना? धुळ्याहून एस.टी. आहे की गं. ये लवकर.