प्रमिलाबाईंची घरातली खाडी

लिंबायतच्या त्या गल्लीत बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात. प्रमिलाबाईंनीही वर्षानुवर्षं तेच केलं, पार डोळ्यांतून पाणी गळायला लागेपर्यंत. मग एके दिवशी त्यांनी कात्री बाजूला ठेवली, पदर खोचला आणि थेट घरामागच्या खाडीत उतरल्या.

खाडी म्हणजे वस्तीचं सांडपाणी घेऊन रेंगाळणारा काळा ओहोळ. त्यात मासा टिकत नाही, बेडूकही फिरकत नाही. पण काठच्या मऊ गाळात शिवणाच्या दोऱ्याएवढे लाल किडे गच्च दाटीवाटीने सुखात नांदतात. प्रमिलाबाई तो गाळ जाळीत धुवायच्या, किड्यांचा वळवळता लाल गोळा ताटलीत घ्यायच्या आणि शोभेचे मासे विकणाऱ्या भूपतभाईंना नेऊन द्यायच्या. भूपतभाई तोंडातला तंबाखू-सुपारीचा मावा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत दर वेळी जिवंत मालाचाच हट्ट धरायचे, "बेन, माल जीवतो जोईए, हं! मरेलो माल माछली सूंघे बी नई."

यंदा पालिकेने खाडीचा तो काठ सिमेंटने बांधायला घेतला. गाळ गेला की किडे गेले, आणि किडे गेले की पुन्हा कात्री.

"मी नही धरनार कात्री," प्रमिलाबाईंनी घरात जाहीर केलं. "खाडी जास तर जावो. मी खाडी घरमां लयसू."

नवरा बन्सीलाल कापड विणायच्या लूमवर जन्म घालवलेला. घरातही तो यंत्रावर मात करायची असल्यासारखा ओरडूनच बोलायचा. "घरात? माणसं झोपतील कुठं?"

"तुम्ही सरका थोडे."

बारावीतली हर्षदा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, "यार मम्मी, लोक घरात फिश पाळतात. तू फिशचा नाश्ता पाळणार?"

मोरीशेजारी, उताराला एकाखाली एक, प्लॅस्टिकचे ट्रे मांडले गेले. त्यांत खाडीचा गाळ, वर बोटभर पाणी. उंचावर ठेवलेल्या घरच्या पाण्याच्या पिंपातून बारीक नळी काढली. एका ट्रेमधून दुसऱ्यात पाणी झिरपत राहील अशी सोय झाली. खायला भिजवून कुस्करलेली शिळी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि थोडं शेण. किडे डोकं गाळात खुपसून बसले. प्रमिलाबाई खूश.

थोड्याच दिवसांत ते पांढुरके पडून वर तरंगले.

त्यांनी गाळ बदलला, नवे किडे आणले. तेही मेले. वास असा सुटला, की समोरच्या सरलाबाई नाकात पदर कोंबून दारात उभ्या राहिल्या. आवाज मुळातच नाकातला, त्यात पदर.

"व प्रमिला, काय मरी गयं व तुना घरमां?"

"मरनं ते मरनं. आते जगाडी राहिनू, व बहीन."

"किडा जगाडस? लोके मारतस!"

"लोकेस्ले मारू दे."

काठाचं काम पुढे सरकत होतं. नव्या किड्यांची आता एकच खेप मिळेल एवढाच गाळ तिथे उरला होता. एका सकाळी नळाला पाणी आलं. पिंप भरलं आणि रोजच्या सवयीने प्रमिलाबाईंनी तुरटीचा खडा पाण्यात फिरवायला घेतला. सासरी आल्यापासूनची शिस्त: तुरटी फिरवल्याशिवाय पाणी घरात वापरायचं नाही.

त्यांचा हात पाण्यातच थांबला.

"अरे देवा! मीच मारी राहिनू यास्ले!"

माणसांसाठी पाणी नितळ करत होत्या आणि तेच पाणी नळीवाटे किड्यांना पाजत होत्या. त्याच दिवशी दुसरं पिंप आलं. त्यावर त्यांनी कोळशाने ठसठशीत फुली मारली आणि घरादाराला दम भरला, "यामां तुरटी टाकी ना, तर तुरटीसोबत तुम्हीबी बाहेर!" नळाच्या पाण्याचा औषधी वास उडावा म्हणून ते पिंप उन्हात उघडं ठेवलं. मग खाडीत उतरून शेवटचे किडे काढले.

हे किडे जगले. वाढले. गाळ त्यांनी आतून पोखरून मऊसूत केला.

भूपतभाईंचा विश्वास बसेना. स्कूटर घेऊन स्वतः आले. मोरीपाशी धप्पकन वाकले, ट्रेला गुडघा लागला आणि बघतात तर काय, नुसता काळा चिखल.

"बेन, आ तो खाली कादव छे!"

"भाई, धक्का लागला की ते गाळात दडतात. हालू नका. मावा पण चावू नका."

भूपतभाईंनी गाल जागच्या जागी थांबवला. जरा वेळाने एक लाल शेपूट चिखलातून वर आलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. बघता बघता अख्खा ट्रे लालभडक झाला आणि झिरपत्या पाण्यात डुलायला लागला.

"बधो माल आपी दो!" भूपतभाई पिशवी उघडत म्हणाले.

"आज नाही." प्रमिलाबाईंनी पिशवीचं तोंड हाताने मिटलं. "खाडीत आता बी उरलं नाही, भाई. हे बियाणं आहे. याची पिल्लं होऊ द्या, मग न्या."

"पण मारी माछली शुं खाशे?"

"तोवर सुकं खाऊ दे तिला," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि भाकरी कुस्करायला बसल्या.