नववा थांबा

बसमध्ये चढताना ते आधी डावा पाय टाकायचे. चुकून उजवा पडला, तर खाली उतरून पुन्हा चढायचे. पाहुणे मोजताना त्यांचे ओठ हलत नसत. फक्त अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. माईक हातात आला की आधी फुंकर, मग शर्टाच्या टोकाने पुसणं. इमारतीकडे ते बोट दाखवायचे नाहीत. पूर्ण पंजा उघडायचे, कुणाची ओळख करून द्यावी तसा. दुपारपर्यंत पाण्याचा एकच घोट, कारण चौथा आणि आठवा थांबा सोडला तर कुठेच स्वच्छतागृह नव्हतं. आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकताना मान खाली, डोळे मिटलेले. मला वाटायचं, इतकं मन लावून कुणी ऐकत नाही. ते पाठ करत असतात, हे मला फार उशिरा कळलं.

शहरदर्शनाच्या बसवर ते सव्वीस वर्षं गाईड होते. मी त्याच कंपनीच्या तिकीटखिडकीत बसते. साहित्यात एम.ए. झाले आणि नोकरी मिळाली ती तिकिटं फाडायची. पहिल्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "वा. आता तिकिटावर कविता छापून येणार."

"हसू नकोस तिला," गाईड म्हणाले. "या गाडीत शिकलेलं माणूस म्हणून एवढं एकच आहे. तू अजून डावं-उजवं मला विचारतोस."

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले. ड्रायव्हर त्यांना महाराज म्हणायचा, निम्मं चेष्टेने आणि निम्मं खरंच.

आधी ते एका जहाज कंपनीत कारकून होते. कंपनी बुडाली तेव्हा चौतीस वर्षांचे होते. गाईडची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले, कारण तोंडी परीक्षेत त्यांना बोलता यायचं नाही. हे ऐकून मी हसले होते. "हसू नकोस," ते म्हणाले, "घाम फुटायचा मला. मग बायकोला खुर्चीवर बसवायचो आणि स्वयंपाकघर दाखवायचो. हे पाहा, या ओट्याचं बांधकाम अमुक साली झालं." लाँड्रीच्या वर दोन खोल्यांचं त्यांचं घर. मी एकदा गेले होते. काकू म्हणाल्या, "बाहेर काय वाटेल ते दाखवा म्हणावं. घरात मला एकही इमारत दाखवायची नाही." काका गुपचूप चहाचे कप विसळत उभे होते.

अकरा थांबे होते. पहिला घड्याळाचा मनोरा, अकरावा समुद्रकिनारा. सकाळी नऊला निघून संध्याकाळी साडेपाचला परत. बाकीचे गाईड साल सांगत, उंची सांगत, कुणी बांधलं ते सांगत. काकांची पद्धत वेगळी होती. दर थांब्याला एक माणूस आणि त्या माणसाच्या हातात एक वस्तू. न्यायालयासमोर ते इमारतीबद्दल दोनच वाक्यं बोलत आणि मग तिथला एक पट्टेवाला, ज्याने वीस वर्षं घंटा वाजवली आणि निवृत्तीच्या दिवशी ती वाजवायला विसरला. वाचनालयासमोर एक बाई, हातात पावसात भिजलेलं पुस्तक.

"दगडाकडे कोण बघतं गं," ते म्हणायचे. "दगडापुढे माणूस उभा केला की मग दगड दिसतो."

"ही माणसं खरी आहेत का?"

"खरी. अगदी खोटं मला बोलता येत नाही. म्हणून तर दोनदा नापास झालो."

फक्त नवव्या थांब्यावर त्यांच्याकडे कुणी नव्हतं. नववा थांबा म्हणजे जुनी जेटी. चार दगडी पायऱ्या, एक गंजलेला खांब, बंद पडलेलं तिकीटघर. पूर्वी प्रवासी बोटी तिथून सुटायच्या. जहाज कंपनीत असताना काकांनी त्याच बोटींची कागदपत्रं केली होती, म्हणून तो थांबा त्यांनीच आग्रहाने घालून घेतला होता. पाहुणे खाली उतरायचे नाहीत. खिडकीतूनच फोटो काढायचे, तेही समोरच्या नव्या पुलाचे. मालक दर महिन्याला म्हणायचे, "जेटी काढून टाका, तिथे अर्धा तास वाचेल." काका दर महिन्याला म्हणायचे, "बघतो."

एका दुपारी बस गॅरेजमध्ये गेली. पाहुण्यांना दुसऱ्या बसने पाठवलं. काका आणि मी खिडकीमागच्या बाकावर डबा खात होतो. ते म्हणाले, "तू इतक्या वेळा बसमधून आलीस, पण जेटीला कधी उतरत नाहीस."

मी सांगायला नको होतं. आईने मला बाविसाव्या वर्षी सांगितलं होतं. एकटीला, दार लावून. कुणाजवळ बोलायचं नाही, असं वचन घेऊन.

सगळ्या नात्यात माहीत आहे की माझे वडील समुद्रावर अपघातात गेले. घरात त्यांचा फोटो आहे. खरं असं, की मी सहा वर्षांची असताना ते आठवड्याभराच्या कामाला म्हणून निघाले आणि चष्मा टेबलावर विसरले. आई चष्मा घेऊन जेटीपर्यंत धावली. बोट सुटली होती, पण फार लांब गेली नव्हती. वडील कठड्याशी उभे होते, शेजारी एक बाई. आईने चष्मा वर धरून हलवला. त्यांनी बघितलं आणि पाठ फिरवली. आई कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिली, की चष्मा नव्हता, त्यांना दिसलं नसेल. पण त्यांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. तिला तो दिसला होता.

काका डोळे मिटून ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी स्वतःच्या डब्यातला अर्धा भाग माझ्या डब्यात घातला. मला हलकं वाटलं. आईशी बेइमानी केली, हे त्या क्षणी मनाला शिवलंही नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बस उशिरा यायला लागली. नवव्या थांब्यावर पाहुणे उतरतात, असं ड्रायव्हर म्हणाला. "महाराजांना काहीतरी सापडलंय. परवा एक धिप्पाड माणूस रडत गाडीत चढला. मला वाटलं पाकीट मारलं." मालकांनी जेटी काढण्याचा विषय सोडून दिला. एक बाई मुद्दाम खिडकीशी येऊन म्हणाल्या, "ती जेटीची गोष्ट. काटा आला अंगावर." मला आनंद झाला. काकांना जुन्या कागदपत्रांत कुणीतरी भेटलं असेल, असं मी धरून चालले. कसली गोष्ट, हे मी विचारलं नाही.

कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा घरच्या माणसाला फुकट न्यायची सवलत आहे. मी आईला आणलं. ती पंचवीस वर्षं याच शहरात राहिली, पण शाळेची प्रयोगशाळा आणि घर यांपलीकडे तिने फारसं काही बघितलेलं नव्हतं. ती प्रयोगशाळेत साहाय्यक होती. काचेची भांडी धुऊन तिचे हात कायमचे पांढरट झाले होते. जेटीला तू बसमध्येच बस, असं मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "का? पायऱ्या मला काही करत नाहीत आता."

सकाळी मी काकांशी ओळख करून दिली. ते नमस्कार करून म्हणाले, "ताई, पुढची सीट तुमची." आई दिवसभर खूश होती. न्यायालयाच्या पट्टेवाल्याला मोठ्याने हसली. वाचनालयापाशी मला कोपराने ढोसून म्हणाली, "माणूस गोड बोलतो गं. कॉलेजात तुम्हाला असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

नवव्या थांब्यावर सगळे उतरले. काकांनी अंगठ्याने माणसं मोजली. "पायरी सांभाळा," म्हणाले. पंजा उघडून खांबाकडे दाखवला. आणि सुरू झाले.

"इथे एक बाई धावत आली होती. तिच्या हातात चष्मा होता."

मला आधी शब्द ऐकू आले, अर्थ नंतर. काका माझ्याकडे बघत नव्हते. कुणाकडेच नव्हते. खांबाकडे बघून बोलत होते, रोज बोलावं तसं. "बोट किती लांब गेली असेल? पाण्यातल्या त्या पिवळ्या पिंपाएवढी." दोन मुली फोटो काढायच्या थांबल्या. नव्या चष्म्याचा भाग यायच्या जरा आधी काका थबकले. पहिल्या रांगेत आई उभी होती. त्यांनी तिला बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

मला वाटलं, आता थांबतील. पण तीस माणसं वाट बघत होती.

"आणि मग," काका म्हणाले, "तो माणूस परत आला. पुढच्याच बोटीने. चष्मा घेतला आणि म्हणाला, तुझ्याशिवाय मला काही दिसत नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई बसमध्ये जाऊन तिच्या सीटवर बसली. दहाव्या थांब्यावर काकांनी दीपगृहाचा नेहमीचा विनोद केला. नेहमीच्या जागी हशा पिकला.

संध्याकाळी ते खिडकीशी आले. आई रस्त्यापलीकडे रिक्षा शोधत होती.

"माझ्या तोंडाला सवय झालीय गं. पाय त्या जागी थांबले की ते सुरूच होतं. सकाळी ठरवलं होतं, आज नाही. शपथेवर सांगतो."

"कधीपासून सांगताय?"

"नोव्हेंबरपासून."

"रोज?"

"सोमवार सोडून." मग ते म्हणाले, "नाव नाही घेतलं कुठे. तुझं नाही, त्यांचं नाही."

"आईला नावाची गरज पडली नाही, काका."

ते खिडकीच्या जाळीला धरून उभे राहिले. "तो थांबा जाणार होता," म्हणाले. आणि मग, बहुतेक ते पुरेसं नाही हे स्वतःलाच कळून, "शेवट तरी चांगला केला."

त्यावर मी खिडकीचं झापड खाली ओढलं. त्यांची बोटं त्यांनी वेळेवर काढली.

रिक्षात मी काकांना बोल लावायला सुरुवात केली. माणूस असा निघेल असं वाटलं नव्हतं, केसाने गळा कापला, वगैरे. तिने हात वर केला.

"त्यांनी कुठे काय केलं? ते मला ओळखतही नव्हते. मी तुला एकटीला सांगितलं होतं."

तेव्हापासून आई माझ्याशी चांगलं बोलते. भाजी काय करू विचारते, छत्री घे म्हणते. गेल्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, ते मला शेजारच्या मावशींकडून कळलं.

काकांनी जेटीची गोष्ट बंद केली. पाहुणे पुन्हा बसमध्येच बसायला लागले. मालकांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "विसरलो." सव्वीस वर्षांत ते एकही वाक्य विसरले नव्हते. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. ड्रायव्हर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू तरी महाराजांना थांबवशील." मी म्हटलं, "मी कशाला थांबवू?" तो म्हणाला, "तेही खरंच," आणि काच पुसत राहिला.

जाण्याआधी मालकांनी काकांना एक काम दिलं होतं. नवीन गाईडसाठी अकराही थांब्यांचं बोलणं लिहून द्यायचं. काकांनी शंभर पानी वही घेतली आणि रोज दुपारी बसच्या मागच्या सीटवर बसून लिहिली. शेवटच्या दिवशी ती त्यांनी माझ्या खिडकीत ठेवली. मी मान वर केली नाही.

वही नव्या गाईडला द्यायच्या आधी मी वाचली. कारकुनाचं अक्षर, एक खाडाखोड नाही. मनोरा साडेचार पानं. न्यायालय सहा. विनोदाच्या जागी कंसात 'इथे थांबा, हसू द्या' असं लिहिलंय. दीपगृह आहे, किनारा आहे, निरोपाचं वाक्यसुद्धा आहे. नवव्या थांब्याला वर तांबड्या शाईत मथळा आहे. खाली 'पायरी सांभाळा' एवढं लिहिलंय, आणि पुढची सात पानं त्यांनी कोरी सोडली आहेत.