मालिनेओबाईंची घोंगडीवाली तुकडी

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, कारण मालिनेओबाई म्हणाल्या, "माझ्यावर काय लिहितेस, मेले का मी?" पण राहवेना. आता रागावल्या तर रागावू देत!

आमच्या हा-त्सेको गावच्या डोंगरात सगळ्याच बायका ओल्या मातीच्या भिंतीवर बोटांनी नक्षी काढतात. मालिनेओची बोटं मात्र पहिल्यापासून हट्टी. शेताचे चौकोन, फुलंपानं सोडून ती कोल्ह्याची पावलं काढायची, सशाची, चुकलेल्या मेंढीची. सासू ओरडायची, "लग्नाचं घर आहे की जनावरांचा रस्ता?" ती ऐकून घ्यायची आणि अजून एक पाऊल काढायची.

ती पावलं बघायला गुराखी पोरं थांबायला लागली. शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं, पण माग वाचायची घडाघडा. त्यातच मिशनच्या रद्दीत तिला स्काउटचं एक पुस्तक सापडलं. माग काढणं, ओल्या लाकडाचा जाळ करणं, बर्फात तग धरणं... अरे, हे सगळं तर आपल्या पोरांना येतंच की! फक्त त्यांना स्काउट कोणी म्हणत नाही. मग तीच म्हणायला लागली. त्या खोऱ्यातली पहिली तुकडी, एकोणीस पोरं. शाळेची भिंत हाच फळा.

ज्वारीच्या बिअरच्या अड्ड्यावर पुरुष हसायचे. "बाई आणि स्काउटमास्तर? उद्या गुरंही तूच वळ!"

"वळते की. तुम्ही तेवढ्या भिंती सारवा."



त्या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, खाली मैदानात देशभरच्या स्काउटांचं शिबिर होतं. पोरांना एकच हवं होतं, बाकीच्यांच्या ओळीत उभं राहायचं. भावांवर गुरं सोपवून, आमच्याकडची पट्ट्यांची घोंगडी पांघरून, मालिनेओच्या मागोमाग दोन दिवस चालत गेली बिचारी. आणि फाटकात शिबिराचे प्रमुख मोखेथीसाहेब! खाकी शर्ट, अर्धी चड्डी, हातात यादी.

"घोंगडी काढा. गणवेश नाही तर आत नाही."

"खाली फाटके बनियन आहेत, बाबा. आणि बर्फ पडायला आलाय."

"नियम आहे, आई."

"मग नियमालाच वाजू दे थंडी. माझी पोरं घोंगडी काढणार नाहीत."

फाटक बंद. पोरांचे चेहरे एवढेसे झाले. सगळ्यात थोरला लेफू म्हणाला, "जाऊ या परत."

"बस खाली," मालिनेओ म्हणाली. "आपण इथे आलोय. हे फाटक काय त्यांच्या बापाचं आहे?"

तिने तिथलीच माती कालवली आणि शिबिराच्या कुंपणाच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, पावलं काढायला लागली. आतली पोरं एकेक करून भिंतीवर चढली, मग उड्या मारून बाहेर.

"हा कुत्रा ना?" आतल्या एका पोराने विचारलं.

"डोळे विकलेस काय?" लेफू म्हणाला. "कोल्हा आहे तो!"

दुपारपर्यंत अर्धं शिबिर बाहेर. मोखेथीसाहेब तणतणत आले, आणि नेमकं तेव्हाच बर्फाचं वारं सुटलं. साहेबांचे उघडे गुडघे लटलट कापायला लागले. मालिनेओने स्वतःचं घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं. त्यांनी घाईघाईत गुंडाळून घेतलं, आणि पट्टे आडवे!

पट्टे उभेच घ्यायचे, आडवे घेतले की माणसाची वाढ खुंटते, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत. साहेबांनाही माहीत, पण थंडीने डोकंच चालेना.

"साहेब," लेफू ओरडला, "आधीच केवढेसे आहात, अजून कमी नका होऊ!"

दोन्हीकडची पोरं लोळून हसली. मालिनेओने पुढे होऊन घोंगडं फिरवलं, पट्टे उभे केले, गळ्याशी पिन लावली.

"हं, आता काढा बघू," ती म्हणाली. "काढा, आणि मग माझ्या पोरांना नियम सांगा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. घोंगडं काही काढलं नाही. वळले आणि स्वतःच्या हाताने फाटक उघडलं.

एकोणीस पोरं ओळीत उभी राहिली. घोंगड्यांसकट.

नोंदणीचा कागद कधीच आला नाही. तुकडी त्याच्याशिवाय बत्तीस वर्षं चालली.

मालिनेओबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. दिसतं कमी, पण बोलणं तसंच धारदार. जा हो, भेटून या त्यांना. पुढच्या वर्षी बघू म्हणू नका, या हिवाळ्यातच जा.