शेवट फुटू नये म्हणून

ताईच्या मुलाने बारावीत असताना गळफास घेतला. त्यानंतर कोपर स्टेशनजवळच्या तिच्या घरातले सगळे पंखे उतरवले, आणि नाटकवेड्या ताईचं नाटक बघणं सुटलं. बऱ्याच वर्षांनी ती आपणहून म्हणाली, "एखादं नाटक बघूया गं."

माझ्या कॉलेजातल्या मित्राने दिग्दर्शित केलेलं नाटक तेव्हा ठाण्यात लागलेलं. मी त्याला फोन करून ताईचं सगळं सांगितलं. विचारलं, "यात गळफास वगैरे नाही ना?"

"अगं, शेवट फोडू का मी?"

"शेवट नको सांगूस. फक्त हो की नाही."

"दोन्हीकडून फुटतोच ना!" तो हसला. "आण तिला. पुढची दोन तिकिटं ठेवतो."

पुढची तिकिटं देतोय म्हणजे तसलं काही नसणार, असं मी धरून चालले.

शेवटच्या प्रवेशात उजेड आला तेव्हा स्टुलावर एक मुलगा उभा होता. त्याने स्टूल लाथाडलं. ताई धावत रंगमंचापर्यंत गेली. "अरे, पाय धरा रे त्याचे! उचला त्याला!" लोकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला पाणी पाजत होते. मित्र आला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय इफेक्ट आला गं! कल्याणच्या प्रयोगाला एक नटी प्रेक्षकांत बसवतो. हेच वाक्य देतो तिला."

मी ताईला उठवून घरी नेलं.

कल्याणला मी दारातच उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "शेवटी मुलगा गळफास घेतो. कुणाच्या घरात असं झालं असेल तर आत जाऊ नका." लोक भडकले. "ओ बाई, मजा घालवलीत ना सगळी!" फक्त एक जोडपं थांबलं. त्यातल्या बाईने हातातली तिकिटं फाडली, माझ्याकडे न बघता नवऱ्याचा हात धरला आणि दोघं रिक्षाकडे वळली.

तेवढ्यात मित्र बाहेर आला. रखवालदाराला म्हणाला, "हिला हटव रे. हिच्या घरात झालंय तसं, डोक्यावर परिणाम झालाय." रखवालदाराने मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. प्रयोग वेळेवर सुरू झाला.

ताईला यातलं काहीच ठाऊक नाही. आपल्यामुळे त्या पोरांचा प्रयोग बिघडला, असंच तिच्या मनात आहे. अजूनही मधूनच म्हणते, "तुझ्या मित्राची माफी मागितलीस ना गं माझ्याकडून?"

मी हो म्हणते.