एकतीस वर्षं बिनकिल्लीची

निघायच्या दिवशी शर्वरीच्या घराचं दार मीच ओढून घेतलं. मुलगी आणि जावई बॅगा गाडीत कोंबत होते. मी सवयीनं कुलूप लावलं, दार दोनदा ओढून पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली. मग गाडीत बसले आणि विमानतळ येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. शर्वरीला वाटलं, आईला रडू येतंय. रडू कसलं, राग आला होता. मला परत यायचं नव्हतं.

हे असं लिहिणं बाईमाणसाला शोभत नाही म्हणे. पण खोटं तरी किती दिवस बोलायचं? कॅनडात शर्वरीकडे सहा महिने राहायची परवानगी होती. चौथा महिना संपत आला आणि ह्यांचे फोन सुरू झाले. डब्याचं जेवण सोसत नाही. गुडघा धरलाय. घर खायला उठतं. मुलगा निखिल चाकणला कंपनीत, त्याच्या शिफ्टचा नेम नाही. तोही म्हणाला, "आई, बाबांचं काही खरं नाही, तू ये आता." पुण्याजवळ दिघीच्या आमच्या घरातली दोन धडधाकट माणसं, आणि त्यांच्यासाठी माझं तिकीट बदललं गेलं. मला कुणी विचारलं नाही. फक्त तारीख कळवली.

तशी घर सोडायची मला सवय आहे. राजगुरुनगरजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन निघाले, तेव्हा आईनं पदरानं तोंड पुसत एवढंच सांगितलं होतं, "दिसा घराला टाळं दिसाया नगं, बाय. घरात बाईमाणूस आसताना टाळं कशापायी?" मी ते भलतंच मनावर घेतलं. दिघीचा ब्लॉक घेतला तेव्हा लॅचच्या तीन किल्ल्या मिळाल्या. एक ह्यांनी घेतली. दुसरी पुढे निखिलकडे गेली. तिसरी कुठे पडली ते कुणी शोधलंच नाही. मला कशाला हवी, मी तर घरातच! आणि ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या तेही बेलच वाजवायचे. खिशात हात घालायचे कष्ट कोण घेणार? पोळी तव्यावर असो नाहीतर मी आंघोळीला असो, बेल वाजली की धावायचं. बाहेर जायचंच झालं तर घरी कोण असेल ते बघून जायचं.

शर्वरीनं पहिल्याच सकाळी माझ्या हातावर किल्ली ठेवली. म्हणाली, "आम्ही सहाला येऊ. तू हवं तिथं फिर." कुलूप लावून निघाले आणि कोपऱ्यावरून दोनदा मागे आले. कुलूप लागलंय की नाही याचा घोर नव्हता. घरात कुणी नाही आणि मी बाहेर, हेच पटत नव्हतं. आठवड्याभरात पटलं. बसचा पास काढला. लायब्ररीत जाऊन बागकामाची चित्रांची पुस्तकं चाळायचे. तळ्याकाठी एक पंजाबी बाई भेटायच्या. त्यांची पंजाबी मला निम्मी कळायची, माझी हिंदी त्यांना निम्मी, आणि तेवढ्यावर आम्ही सुनांपासून लोणच्यापर्यंत सगळं बोललो. तिथं काही सोनं लागून गेलेलं नाही. टोमॅटोला चव नाही, शेजारी महिनाभर दिसत नाही. पण घरी आले की माझी मी दार उघडायचे.

पुण्याला उतरले. निखिलला सुट्टी मिळाली नाही म्हणून त्यानं कॅब पाठवली होती. ती जिन्याशी सोडून गेली. दोन्ही बॅगा एकेक करत दुसऱ्या मजल्यावर चढवल्या आणि बेल वाजवली. एकदा, दोनदा, चारदा. ह्यांना फोन लावला तर मागे सनई वाजत होती. राजगुरुनगरला मित्राच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते, गुडघ्यासकट!

"अगं, तुझ्याकडं किल्ली असेल ना," म्हणाले.

एकतीस वर्षं एका घरात राहून ह्या माणसाला पत्ता नव्हता की माझ्याकडे किल्ली नाही. मी पायरीवर बसले. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पर्समध्ये हात घातला, तर हाताला शर्वरीची किल्ली लागली. देते देते म्हणता द्यायची राहून गेली होती. सातासमुद्रापलीकडच्या घराची किल्ली हातात घेऊन मी माझ्या घराबाहेर बसले होते. इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

समोरच्या शेखभाभींनी दार उघडलं. "या अल्ला, ताई, आपल्याच घराबाहेर बसलात? या आत, चहा टाकते." चार महिन्यांनी आले, पहिला चहा शेजारणीच्या हातचा.

हे अडीच तासांनी उगवले. "बरं झालं आलीस, घराला घरपणच नव्हतं," म्हणाले, आणि चपला काढता काढता, "जरा चहा टाक."

"मी प्यायले," म्हटलं आणि जाऊन झोपले.

शर्वरीला फोन करून म्हटलं, तुझी किल्ली कुरियरनं पाठवते. ती म्हणाली, "राहू दे आई. तुझीच आहे ती." तेव्हा मात्र रडले.

दुसऱ्या दिवशी ह्यांची किल्ली मागून घेतली आणि भोसरीत किल्लीवाल्या चाचांकडे गेले. "नवीन घर घेतलं का, ताई?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "घर जुनंच आहे. मी नवीन." ते हसले आणि किल्ली घासायला लागले. ह्यांची किल्ली ह्यांना परत दिली. आता माझी दिघीची आणि कॅनडाची, दोन्ही एकाच कडीत आहेत.

विचारणाऱ्या दोघींना इथंच उत्तर देते. वहिनी, गावाकडून तुमचा फोन आला, "वन्सं, घरी आल्याव जिवाला बरं वाटलं आसंल, न्हाई?" मी तेव्हा हो म्हटलं. नव्हतं वाटलं. शर्वरी, तू विचारतेस, आई, रमलीस का परत? रमायचं की नाही ते ठरवतेय. जिथून कुणाला न विचारता निघता येतं आणि बेल न वाजवता परत शिरता येतं, त्याला मी आता घर म्हणते. तुझं घर तसं होतं. हे तसं करून घ्यायचंय.

आज दुपारी कुलूप लावून निघाले आणि आळंदीच्या बसमध्ये बसले. घाटावर बसून हे लिहितेय. ह्यांचा दोनदा फोन येऊन गेला. दारात उभे आहेत, मी कुठं आहे म्हणून विचारत होते.

किल्ली त्यांच्या खिशातच आहे.