पाचवा माणूस

देशाच्या संरक्षणापुढे कोणताही खर्च मोठा नाही, यावर आमच्या जबलपूरच्या कॉलनीत दर अर्थसंकल्पाला एकमत होतं. ते माझ्या बैठकीत, चहाबरोबर होतं.

शेजारचे काका मात्र गप्प असतात. ते कारखान्यात तोफगोळ्यांमध्ये स्फोटक भरतात. घरात येण्याआधी ते आमच्या लोखंडी फाटकाला तळवा टेकवतात. अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून कामावर लागलेली ही सवय आहे. खोलीत पाचवा माणूस आला की ते उठून व्हरांड्यात जातात.

एकदा मी विचारलं, "काहून उठता जी?"

"आमच्या शेडवर एका वेळी चारच माणसांची पाटी आहे. चार असले म्हणजे स्फोटात चारच जातात."

यंदा संरक्षणाची तरतूद वाढली तेव्हा बैठकीत टाळ्या वाजल्या. निवृत्त बँकवाले म्हणाले, "काका, तुम्ही सांगा. फायदा की तोटा?"

काका खिडकीबाहेरून बोलले, "कमी झाली तं काम जाते, भैया. वाढली तं ओव्हरटाइम. आठ तासांनंतर हात आपलं ऐकत नाहीत."

"चलो, काका घाबरले," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो.

परवा काका आले. फाटकाला तळवा टेकवला आणि आम्ही पाच जण बसलेलो असूनही आत येऊन बसले. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "पाटी नवीन रंगवली. आता सहा चालतात."

शेड तीच आहे.